प्रा. रोनाल्ड कोस यांचे कायदा व अर्थशास्त्रविषयक संशोधन : एक परामर्श

१

एखाद्या संशोधकाचे नाव ज्या सूत्राला चिकटते ते सूत्र त्याच्या संशोधनाचे सार असतेच असे नाही. पुष्कळदा ते सूत्र इतरांनी आपल्या सोयीसाठी सिद्ध केलेले असते. आणि पाठ्यपुस्तकांतून ते वारंवार भेटू लागले की मूळ लेखन वाचण्याची आवश्यकताच विद्यार्थ्यांस वाटेनाशी होते. प्रा. रोनाल्ड कोस यांच्या बाबतीत हे विशेषच घडले आहे. अर्थशास्त्राच्या किंवा विधिशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास ‘कोस यांचा सिद्धान्त’ म्हणून जे सांगितले जाते ते थोडक्यात असे : व्यवहार करण्यास काहीच खर्च पडत नसेल आणि हक्क सुस्पष्ट असतील, तर कायद्याने हक्क कोणाच्याही पदरात टाकला तरी संबंधित पक्ष आपसांत सौदा करून साधनसामग्रीचा सर्वाधिक मूल्याचा उपयोगच घडवून आणतील. यावरून पुढे असाही निष्कर्ष काढला जातो की, हक्क एकदा ठरवून दिले म्हणजे शासनाने व न्यायालयांनी दूर राहावे हेच श्रेयस्कर.

हा सिद्धान्त या नावाने कोस यांनी मांडलेला नाही. त्याला हे नाव जॉर्ज स्टिग्लर यांनी दिले आणि त्यांच्या ‘किंमतीचा सिद्धान्त’ या पाठ्यपुस्तकाच्या १९६६ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून ते रूढ झाले. स्वतः कोस यांनी १९८८ साली आपल्या निबंधसंग्रहाच्या प्रास्ताविकात स्पष्टच केले की, ज्या खर्चविरहित जगाला लोक आपले नाव देतात ते वस्तुतः अर्थशास्त्रज्ञांचे नेहमीचे जग आहे, आणि त्यातून त्यांना बाहेर आणावे हाच आपला हेतू होता. तेव्हा कोस यांच्या कार्याचे मूल्यमापन करावयाचे तर सूत्र बाजूस ठेवून त्यांच्या संशोधनाचा प्रवास पाहिला पाहिजे. त्यांचे मोठेपण सूत्रात नसून पद्धतीत आहे. आणि त्यांच्या उणिवाही त्याच पद्धतीच्या कसोटीवर सर्वांत स्पष्टपणे उमटतात.

२

कोस यांचा जन्म २९ डिसेंबर १९१० रोजी लंडनच्या विल्सडेन या उपनगरात झाला. वडील टपालखात्यात तारमास्तर होते आणि आईनेही विवाहापूर्वी त्याच खात्यात काम केले होते. १९२९ साली त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला तो वाणिज्याच्या पदवीसाठी. तेथे प्रा. आर्नल्ड प्लांट यांच्या चर्चावर्गात त्यांच्या विचाराला वळण लागले. स्पर्धा आणि किंमती यांच्या योगाने अर्थव्यवस्थेचे सुसूत्रीकरण आपोआप होते, हे प्लांट यांनी त्यांच्या मनावर ठसविले. परंतु त्याचबरोबर एक शंकाही निर्माण झाली. संपूर्ण रशियाची अर्थव्यवस्था एखाद्या प्रचंड कारखान्याप्रमाणे चालविता येईल असे लेनिन यांनी म्हटले होते, आणि पाश्चात्त्य अर्थशास्त्रज्ञांपैकी अनेकांना ते अशक्यप्राय वाटत होते. मग खुद्द पाश्चात्त्य देशांत एका व्यवस्थापनाखाली चालणारे अवाढव्य कारखाने कसे अस्तित्वात आले? किंमतयंत्रणा इतकी समर्थ असेल तर व्यवस्थापकाच्या हुकमाने चालणाऱ्या उद्योगसंस्थेची गरजच काय?

या प्रश्नाचे उत्तर कोस यांनी ग्रंथांत शोधले नाही. १९३१-३२ मध्ये प्रवास-शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत गेले, फोर्ड व जनरल मोटर्स यांसारख्या कंपन्यांत हिंडले आणि कोणता माल बाहेरून विकत घेतला जातो, कोणता घरीच तयार होतो व का, हे व्यवसायातील माणसांना विचारीत राहिले. त्यातून निघालेले उत्तर १९३७ साली ‘उद्योगसंस्थेचे स्वरूप’ या निबंधात प्रसिद्ध झाले. बाजाराचा वापर फुकट होत नाही. योग्य किंमत शोधणे, वाटाघाटी करणे, करार करणे व ते पाळले जातात की नाही हे पाहणे या सर्वांना खर्च पडतो. हा खर्च जेथे संघटनेच्या अंतर्गत खर्चापेक्षा अधिक होतो तेथे उद्योगसंस्था जन्मास येते, आणि जेथे समतोल साधतो तेथे तिची सीमा ठरते. आज हे उत्तर सरळ भासते. तथापि त्यातील मुख्य विचार कोस यांनी १९३२ साली डंडी येथील आपल्या व्याख्यानांतच मांडला होता, आणि त्या वेळी त्यांचे वय एकवीस वर्षांचे होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पुढील तीनएक दशके या निबंधाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

३

‘उद्योगसंस्थेचे स्वरूप’ आणि पुढील कायदाविषयक निबंध यांमधील दुवा सामान्यतः दुर्लक्षिला जातो. लंडन स्कूलमध्ये कोस यांच्याकडे सार्वजनिक उपयुक्ततेच्या सेवांचे अर्थशास्त्र हा विषय आला आणि त्यामुळे पाणीपुरवठा, टपाल, वीज, नभोवाणी अशा सेवांच्या इतिहासात त्यांना शिरावे लागले. ब्रिटिश नभोवाणीच्या मक्तेदारीवरील त्यांचा ग्रंथ १९५० साली प्रसिद्ध झाला. ही मक्तेदारी कशी निर्माण झाली, तिच्या समर्थनार्थ कोणती कारणे कोणत्या वेळी दिली गेली, आणि ती तपासणीत कितपत टिकतात, याचा तो शोध होता. पुढच्याच वर्षी ते अमेरिकेस गेले; प्रथम बफेलो व नंतर व्हर्जिनिया या विद्यापीठांत त्यांनी अध्यापन केले; आणि नभोवाणीचा अभ्यास पुढे चालू ठेवला.

१९५९ साली ‘जर्नल ऑफ लॉ अँड इकॉनॉमिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनवरील निबंध हे त्या अभ्यासाचे फळ होय. नभोवाणीच्या लहरी मर्यादित आहेत, म्हणून त्यांचे वाटप शासकीय मंडळाने सार्वजनिक हित पाहून केले पाहिजे, असे त्या काळी मानले जाई व परवाने विनामूल्य दिले जात. कोस यांचे म्हणणे असे की, मर्यादित असणे हा केवळ लहरींचा विशेष नव्हे. जमीन, मजूर, भांडवल ही सर्वच साधने मर्यादित आहेत आणि त्यांची वाटणी किंमतीच्या द्वारा होते. आरंभीच्या काळात प्रक्षेपणांत जो गोंधळ माजला त्याचे कारण स्पर्धा हे नसून लहरींवरील हक्कांची निश्चिती नव्हती हे आहे. लिलावाची कल्पना शिकागोतील लिओ हर्झेल नावाच्या विद्यार्थ्याने १९५१ साली मांडली होती. तिचे श्रेय कोस यांनी त्याला मोकळेपणाने दिले. त्या कल्पनेला ऐतिहासिक पुराव्याचा व विधिशास्त्रीय विवेचनाचा आधार देण्याचे काम मात्र त्यांचे होते. प्रत्यक्षात कमिशनने पहिला लिलाव केला तो १९९४ साली, म्हणजे पस्तीस वर्षांनी.

या निबंधातील एका उपपत्तीवर शिकागोच्या अर्थशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला. हक्क प्रथम कोणालाही दिला तरी अंतिम उपयोग तोच राहील, हे पिगू यांच्या प्रस्थापित मताशी विसंगत होते. ॲरन डायरेक्टर यांच्या घरी १९६० साली झालेल्या चर्चेचा वृत्तान्त स्टिग्लर यांनी आपल्या आठवणींत दिला आहे : प्रारंभी वीस मते विरुद्ध व एकटे कोस आपल्या बाजूस अशी स्थिती होती, सायंकाळ संपताना एकवीसही मते कोस यांच्या बाजूस होती. त्यानंतर लिहिला गेलेला निबंध म्हणजे ‘सामाजिक खर्चाची समस्या’.

४

हा निबंध दहा भागांचा आहे, आणि तो कसा वाचावा याची किल्ली त्याच्या रचनेतच आहे. आरंभी शेजारी असलेल्या शेतकऱ्याचे व पशुपालकाचे उदाहरण येते. कुंपणाचा वार्षिक खर्च नऊ डॉलर व पिकाचा भाव टनास एक डॉलर. एका जनावराने एक टन पिकाचे नुकसान होते, दोघांनी तीन, तिघांनी सहा आणि चौघांनी दहा टन. चार जनावरे पाळणाऱ्यास भरपाई द्यावी लागत असेल तर कुंपण घालणेच त्याला परवडते. भरपाईची जबाबदारी नसली तरीही शेतकरी त्याला पैसे देऊ करील आणि अखेरीस जनावरांची संख्या तीच ठरेल. सिद्धान्त म्हणून पाठ्यपुस्तकांत जे येते ते येथपर्यंतच. परंतु निबंधाच्या सहाव्या भागापासून कोस हे गृहीतक बाजूस सारतात. व्यवहाराला खर्च पडतो आणि बहुधा तो इतका असतो की सौदा होतच नाही. मग न्यायालयाने हक्क कोणास दिला यावरच साधनसामग्रीचा उपयोग ठरू लागतो. म्हणजे कायदा गौण आहे असे हा निबंध सांगत नाही. प्रत्यक्ष जगात कायदा किती निर्णायक आहे हेच तो सांगतो. खर्चविरहित जग ही केवळ तुलनेसाठी घेतलेली पार्श्वभूमी होय.

त्यांच्या युक्तिवादाचा दुसरा धागा पिगू यांच्या विरोधात जातो. कारखान्याच्या धुरामुळे शेजाऱ्यांना त्रास होत असेल तर कारखान्यावर कर बसवावा, असे पिगू यांच्या ‘कल्याणाचे अर्थशास्त्र’ या १९२० सालच्या ग्रंथावरून शिकविले जाई. कोस म्हणतात की हानी ही परस्परसापेक्ष असते. शेजाऱ्याची हानी टाळणे म्हणजे कारखानदाराची हानी करणे. प्रश्न कोणाला आवरावे हा नसून कोणती हानी अधिक गंभीर आहे हा आहे. आगगाडीच्या ठिणग्यांनी आसपासच्या वनांस होणाऱ्या हानीचे पिगू यांचे उदाहरण घेऊन ते दाखवितात की, इंग्लंडात रेल्वेकंपनी भरपाईस जबाबदार नव्हती याचे कारण शासनाची अलिप्तता हे नव्हतेच. कायद्याने दिलेल्या अधिकारान्वये, निष्काळजीपणा न करता चालविलेल्या रेल्वेस कायद्यानेच ही मुभा दिली होती. अर्थशास्त्रज्ञ ज्याला बाजाराचा दोष समजत होते ती खरोखर संसदेची निर्मिती होती. खटले व कायदे वाचल्याशिवाय हा मुद्दा हाती लागणे शक्य नव्हते.

१८७९ सालचा स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन हा खटला त्यांनी याच वृत्तीने वाचला. लंडनमधील एका मिठाई तयार करणाऱ्याच्या स्वयंपाकघरात दोन मोठे खल होते. एक साठ वर्षांहून अधिक काळ व दुसरा सव्वीस वर्षांहून अधिक काळ त्या जागी होता. शेजारी राहणाऱ्या डॉक्टरला आठ वर्षे काही त्रास वाटला नाही. नंतर त्याने बागेच्या टोकास, नेमक्या त्या स्वयंपाकघराच्या भिंतीस लागून रुग्ण तपासण्याची खोली बांधली आणि कुटण्याच्या आवाजाविरुद्ध मनाईहुकूम मागितला. न्यायालयाने तो दिला. हक्क दोघांपैकी कोणा एकास देणे अपरिहार्य होते. सौदा स्वस्त असता तर त्या दोघांनी तो हक्क पुन्हा फिरविला असता. सौदा महाग असेल तर न्यायाधीशाचा निर्णय हाच आर्थिक निर्णय ठरतो. यावरून निघणारी शिफारसही सावध आहे. बाजार, उद्योगसंस्था, शासन यांपैकी प्रत्येक व्यवस्थेस स्वतःचा खर्च आहे. पुष्कळ लोकांना उपद्रव होत असेल, जसे धुराच्या बाबतीत, तर प्रसंगी शासकीय नियमन हाच अधिक चांगला मार्ग असू शकेल, हेही निबंधात स्पष्ट लिहिले आहे. शासनविरोधी जाहीरनामा म्हणून त्याचा उपयोग करणाऱ्यांनी हा भाग वाचलेला दिसत नाही.

५

येथवर कोस यांचा बचाव करणे सोपे आहे. अवघड प्रश्न पुढे आहे. हानी परस्परसापेक्ष आहे हे मान्य केले, तरी हक्क कोणाचा हा प्रश्न त्यामुळे विरघळून जातो काय? एकूण उत्पादनाचे मूल्य हेच मोजमाप मानले की ज्याच्याकडे देण्यास पैसा अधिक त्याच्या गरजेचे मूल्यही अधिक ठरते. हक्कासाठी किती द्याल हे विचारताना मुळात देण्याची ऐपत कोठून आली, हे विचारले जात नाही. १९६० च्या निबंधात न्यायाच्या दृष्टीने एखादा निर्णय इष्ट की अनिष्ट याला वेगळे स्थान असल्याची जाणीव आहे. परंतु तिला युक्तिवादात वाटा नाही. गीडो कॅलाब्रेसी व डग्लस मेलमेड यांनी १९७२ साली दाखविले की कायदा काही हक्क मालकाच्या संमतीनेच हस्तांतरित होऊ देतो, काहींच्या बाबतीत केवळ भरपाई पुरेशी मानतो आणि काही हक्क विकूच देत नाही. या तिसऱ्या वर्गाविषयी कोस यांच्या निबंधात काही हाती लागत नाही.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की १९५९ च्या निबंधात ही उणीव नाही. फुकट परवाना मिळालेली प्रक्षेपणकेंद्रे विकली जातात तेव्हा त्यांच्या चालकांना किती अवाढव्य लाभ होतो, हे कोस यांनी तेथे नोंदविले आहे. म्हणजे आरंभीच्या वाटपाने कोण श्रीमंत होतो हा प्रश्न त्यांना दिसत होता. नभोवाणीच्या ठोस वृत्तान्तात तो टाळता येण्यासारखाही नव्हता. शेतकरी व पशुपालक यांच्या अंकगणितात शिरल्यावर मात्र तो नजरेआड झाला.

या प्रश्नाचे महत्त्व भारतीय वाचकास वेगळे सांगावयास नको. आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ठरविले. जानेवारी २००८ मध्ये दूरसंचाराचे परवाने २००१ सालच्या किंमतीस, ‘प्रथम येईल त्यास प्रथम’ या धोरणाने देण्यात आले. काही परवानाधारकांनी थोड्याच अवधीत भागभांडवलाच्या हस्तांतराच्या मार्गाने मोठा लाभ मिळविला, हे न्यायालयानेच नमूद केले आणि २ फेब्रुवारी २०१२ रोजी १२२ परवाने रद्द करून लिलावाचा आदेश दिला. पाठ्यपुस्तकातील सिद्धान्ताच्या दृष्टीने या प्रकरणात काही बिघडलेच नव्हते : हक्क कोणासही मिळाला तरी तो विकला जाऊन अखेर सर्वाधिक मूल्य देणाऱ्याच्या हाती जावयाचा. सामान्य नागरिकास जे बिघडलेले दिसले ते सिद्धान्तास दिसू शकत नाही. १९५९ च्या निबंधास मात्र ते दिसले असते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात राष्ट्रपतींच्या पृच्छेला उत्तर देताना न्यायालयाने म्हटले की, सर्व नैसर्गिक साधनांसाठी लिलाव हीच एकमेव घटनात्मक पद्धत नव्हे. प्रत्येक बाबतीत पर्यायी व्यवस्थांची तुलना करावी, ही भूमिका सिद्धान्तापेक्षा खऱ्या कोस यांना अधिक जवळची आहे.

६

१९६४ साली कोस शिकागो विद्यापीठाच्या विधिविद्यालयात आले आणि १९८२ पर्यंत त्यांनी ‘जर्नल ऑफ लॉ अँड इकॉनॉमिक्स’चे संपादन केले. या नियतकालिकाचे आकर्षण हेच तेथे येण्याचे मुख्य कारण होते. उद्योग, करार व नियमन यांचा प्रत्यक्ष शोध घेणाऱ्या लेखनास त्यांनी तेथे आश्रय दिला. स्टीव्हन चुंग यांचा १९७३ चा मधमाशांवरील निबंध हे त्याचे ठळक उदाहरण. मधमाशापालक व फळबागायतदार यांच्यात बाजार निर्माण होऊ शकत नाही असे जेम्स मीड यांनी १९५२ साली उदाहरणादाखल म्हटले होते. वॉशिंग्टन राज्यात असे करार नित्य होतात हे चुंग यांनी दाखवून दिले.

स्वतः कोस यांनी १९७४ साली दीपस्तंभांचा इतिहास तपासला. मिल, सिजविक यांच्यापासून सॅम्युएलसन यांच्यापर्यंत अर्थशास्त्रज्ञ दीपस्तंभ म्हणजे शासनानेच करावयाची गोष्ट असे सांगत आले होते. १८२० साली इंग्लंडात २४ दीपस्तंभ ट्रिनिटी हाऊसकडे, तर २२ खाजगी व्यक्तींकडे वा संस्थांकडे होते, हे कोस यांनी दाखविले. १८३६ च्या कायद्यानंतरच सर्व दीपस्तंभ ट्रिनिटी हाऊसकडे येण्याची तरतूद झाली. परंतु येथे त्यांची पद्धत त्यांच्यावरच उलटते. डेव्हिड व्हॅन झँट यांनी १९९३ साली व एलोदी बर्ट्रांड यांनी २००६ साली निदर्शनास आणले की, या खाजगी दीपस्तंभांना राजाची सनद लागे, शुल्काचा दर सनदेने ठरे आणि बंदरांत त्याची वसुली सक्तीची असे. कोस यांनी ही माहिती दडविली नव्हती. तथापि तिच्यापासून जो निष्कर्ष निघावयास हवा होता त्यावर त्यांनी जोर दिला नाही. परिणामी त्यांचा निबंध ‘दीपस्तंभसुद्धा बाजार चालवू शकतो’ या नव्या दंतकथेचा आधार बनला. जुनी दंतकथा मोडणाऱ्याने नवीस जागा करून द्यावी, हा या संशोधनप्रवासातील सर्वांत बोलका दोष होय.

उलट, शास्ता परगण्यातील पाहणी ही त्यांच्या पद्धतीची खरी परीक्षा ठरली. कॅलिफोर्नियातील या भागात पशुपालक व शेतकरी भटक्या जनावरांचे तंटे कसे मिटवितात, हे रॉबर्ट एलिक्सन यांनी प्रत्यक्ष जाऊन पाहिले. १९९१ सालच्या त्यांच्या ग्रंथाचा निष्कर्ष असा की, हे लोक कायद्याने दिलेल्या हक्कावरून सौदा करीत नाहीत; त्यांना तो कायदा नीटसा ठाऊकही नसतो. शेजारधर्माचे अलिखित नियम पाळून ते तंटा मिटवितात. याने कोस यांचे उदाहरण खोटे ठरले. पण जाऊन पाहा हा त्यांचा उपदेश खरा ठरला.

याच काळात कायद्याच्या आर्थिक मीमांसेचा एक वेगळा संप्रदाय वाढत होता. रिचर्ड पॉस्नर यांच्या १९७३ सालच्या ग्रंथापासून किंमतसिद्धान्ताचे हत्यार घेऊन करार, अपकृत्य, विवाह, गुन्हा अशा सर्वच विषयांवर चाल करण्याची रीत पडली. कोस यांना हे मानवणारे नव्हते. अर्थशास्त्राच्या शेजारच्या शास्त्रांविषयी १९७८ साली लिहिताना त्यांनी इशारा दिला की, केवळ तंत्राच्या बळावर परक्या विषयात मिळविलेले स्थान टिकत नाही. विषयाचे ज्ञान ज्याच्याकडे असते तो तंत्र आज ना उद्या शिकून घेतो. १९९३ साली पॉस्नर व कोस यांच्यात जाहीर वाद झाला तो याच भेदातून. एकाला सिद्धान्त लागू करावयाचा होता, दुसऱ्याला अर्थव्यवस्था समजून घ्यावयाची होती.

७

१९९१ साली अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाने कोस यांचा गौरव झाला तो व्यवहारखर्च व मालमत्तेचे हक्क यांचे महत्त्व उलगडून दाखविल्याबद्दल. त्यानंतरही त्यांचे काम थांबले नाही. जनरल मोटर्सने फिशर बॉडी ही कंपनी का ताब्यात घेतली याविषयी पाठ्यपुस्तकांत रूढ झालेली कथा मूळ पुराव्याशी जुळत नाही, हे त्यांनी २००० साली, वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर दाखविले. चीनच्या आर्थिक परिवर्तनावरील निंग वांग यांच्यासह लिहिलेला ग्रंथ २०१२ साली आला. २ सप्टेंबर २०१३ रोजी, वयाच्या १०२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

या दीर्घ कारकिर्दीत एकही गणिती प्रमेय नाही आणि मोठ्या प्रभावाचे निबंध हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत. फळ्यावर मांडता येणाऱ्या गोष्टी तेवढ्या अभ्यासणाऱ्या अर्थशास्त्राची कोस यांनी सतत हेटाळणी केली. आणि काव्यगत न्याय असा की त्यांच्याच नावाने फळ्यावर सर्वाधिक मांडले गेले. त्यास ते स्वतः काही अंशी जबाबदार आहेत. शेतकरी व पशुपालक यांचे चित्र त्यांनी इतके सुबक रेखाटले की वाचक त्याच्या पलीकडे गेलाच नाही. जेथे त्यांनी संस्थेचा इतिहास, कायद्याची कलमे व खटल्यांतील तपशील यांच्यासह युक्तिवाद केला तेथे हक्क, सत्ता व लाभ यांची खरी गुंतागुंत त्यांच्या लेखनात उतरली. जेथे त्यांनी हा तपशील दूर ठेवला, किंवा दीपस्तंभाप्रमाणे हाती असूनही त्याला बोलू दिले नाही, तेथे त्यांचे विधान इतरांच्या मताचे साधन बनले. कायदा व अर्थशास्त्र यांच्या सीमेवर संशोधन करू इच्छिणाऱ्याने ‘सामाजिक खर्चाची समस्या’ अवश्य वाचावी, पण सहाव्या भागापाशी थांबू नये; आणि तत्पूर्वी १९५९ सालचा नभोवाणीवरील निबंध वाचावा. कोस यांची प्रसिद्धी पहिल्यात आहे. त्यांची योग्यता दुसऱ्यात अधिक स्पष्ट दिसते.